हमदर्द : दवाखाना, वक्फ आणि विद्यापीठ

हमदर्द ही युनानी औषधांची पेढी हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये जुन्या दिल्लीतल्या हौज काझी भागात सुरू केली. नाडी पाहणे, औषध लिहून देणे आणि ते तिथेच बांधून देणे, असा तो साधा दवाखाना होता. पुढे तो हौज काझीजवळच्याच लाल कुआँ भागात गेला. आज त्याच्या नावाने औषधांचे कारखाने चालतातच, शिवाय एक विद्यापीठ, एक वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयही उभे आहे.

हकीमजी ज्या शास्त्राच्या आधारे औषध देत, त्याचे मूळ ग्रीक वैद्यकात आहे. हिपोक्रेटिस आणि गॅलेन यांना हकीम लोक बुकरात आणि जालीनूस म्हणतात. त्यांचे विचार अरबीत आले, इब्न सिनाने अकराव्या शतकात ते आपल्या ‘अल कानून’ या पाच भागांच्या ग्रंथात एकत्र बांधले आणि सुलतानांच्या काळात हे वैद्यक हिंदुस्थानात रुजले. दम, बलगम, सफरा आणि सौदा, म्हणजे रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त, हे चार द्रव शरीरात असतात आणि त्यांच्या प्रमाणावर माणसाचा मिजाज ठरतो, अशी या शास्त्राची मांडणी आहे. आयुर्वेदातली प्रकृती ओळखणाऱ्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. आरोग्य टिकवण्यासाठी हवा, अन्नपाणी, शरीराचे चलनवलन व विश्रांती, मनाचे चलनवलन व विश्रांती, झोप व जाग, आणि मलमूत्राचे विसर्जन या सहा गोष्टी सांभाळाव्या लागतात. औषधाचा क्रम आहारानंतरचा. माजून, खमीरा, जवारिश, अर्क, सफूफ हे औषधांचे प्रकार आजही युनानी दुकानाच्या फळीवर याच नावांनी मांडलेले असतात.

दिल्लीच्या उन्हाळ्यात लू लागून माणसे आजारी पडत. त्यावर थंडावा देणारे पेय म्हणून अब्दुल मजीद यांनी गुलाब, केवडा, वाळा, कासनी यांसारख्या वनस्पती आणि फळांचे रस घेऊन एक सरबत तयार केले. हेच रूह अफजा. औषध म्हणून जन्मलेले हे सरबत लवकरच घराघरांतले पेय झाले आणि रमजानच्या इफ्तारीत तर त्याला मानाची जागा मिळाली. त्यात साखर भरपूर असते, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. मधुमेह असलेल्या रोजेदाराने दिवसभराच्या उपवासानंतर एकदम असे गोड पेय घेणे धोक्याचे आहे. त्याने पाण्याने रोजा सोडावा आणि औषधांच्या वेळा रमजान लागण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

अब्दुल मजीद १९२२ मध्ये वारले. थोरला मुलगा अब्दुल हमीद तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता आणि धाकटा मुहम्मद सईद दोन वर्षांचा. दवाखाना बंद पडला नाही याचे मोठे श्रेय त्यांच्या पत्नी राबिया बेगम यांना जाते. या बाईंनी मुलाला हाताशी धरून कारभार चालू ठेवला. त्यांची आठवण हमदर्दच्या इतिहासात पहिल्या पानावर असायला हवी.

फाळणीने घर दुभंगले. १९४८ मध्ये मुहम्मद सईद कराचीला गेले. तिथे त्यांनी हमदर्द पाकिस्तान उभारले, पुढे काही काळ सिंधचे राज्यपालपद सांभाळले आणि १९९८ मध्ये कराचीतच त्यांची हत्या झाली. अब्दुल हमीद दिल्लीतच राहिले आणि त्याच १९४८ साली त्यांनी भरभराटीला आलेली पेढी वक्फ केली. वक्फ केलेली मालमत्ता विकता येत नाही आणि वारसांत वाटताही येत नाही; तिचे उत्पन्न ठरलेल्या कामालाच जाते. काल मालक असलेला माणूस मुतवल्ली, म्हणजे व्यवस्थापक, होतो. असंख्य घरे उद्ध्वस्त झालेल्या दिल्लीत, स्वतःचे भाऊबंद पांगलेले असताना, एका चाळिशीच्या माणसाने हा निर्णय घेतला. हमदर्दच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया तिथे आहे.

एका जुन्या न्यायालयीन खटल्यातही हमदर्दचे नाव आहे. औषधे आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ मध्ये झाला. हमदर्द दवाखान्याने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातला काही भाग रद्द केला, पण अशी जाहिरात हा व्यापाराचा भाग आहे, तिला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही, हे तत्त्व उचलून धरले. रुग्णाच्या बाजूने पाहता ते योग्यच होते. जुन्या परंपरेचे औषध असले तरी त्याच्या गुणाचा दावा तपासूनच मांडला पाहिजे.

ही गरज अब्दुल हमीद यांनाही पटलेली होती, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. दक्षिण दिल्लीत तुघलकाबादजवळ जमीन घेऊन त्यांनी १९६२ मध्ये वैद्यकाचा इतिहास आणि संशोधन यांसाठी संस्था काढली. त्यानंतर युनानी महाविद्यालय, औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय, मजीदिया रुग्णालय आणि परिचारिकांसाठी रुफैदा महाविद्यालय अशी भर पडत गेली. रुफैदा या पैगंबरांच्या काळात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या स्त्री होत्या. मुलीला परिचारिका करायला कचरणाऱ्या आईबापांशी त्यांच्याच परंपरेतून बोलणारे हे नाव आहे. या साऱ्या संस्थांना जोडून १९८९ मध्ये जामिया हमदर्द हे अभिमत विद्यापीठ झाले. आधुनिक वैद्यकाचे महाविद्यालय २०१२ मध्ये सुरू झाले. हकीमांच्या घराण्याने उभारलेल्या आवारात ॲलोपॅथीचे डॉक्टर घडतात आणि इथल्या रुग्णालयात कोणत्याही धर्माचा माणूस उपचार घेऊ शकतो. अब्दुल हमीद यांना १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात मालेगाव, पुणे आणि मुंबई येथे युनानी महाविद्यालये आहेत आणि तिथून पदवी घेतलेले डॉक्टर गावोगावच्या मोहल्ल्यांत पहिला उपचार देतात. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी, डायलिसिससाठी किंवा अवघड बाळंतपणासाठी मात्र रुग्णाला दूरच्या शहराची वाट धरावी लागते. राज्यात, विशेषतः मराठवाड्यात, वक्फच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर आहेत आणि राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालयही छत्रपती संभाजीनगरातच आहे. मुतवल्लींनी आणि मंडळाने त्यातल्या काही जमिनींचे उत्पन्न परिचर्या महाविद्यालय आणि प्रसूतिगृहासाठी बाजूला काढावे. ते कसे चालवायचे, हे पाहायला दिल्लीत हमदर्दचे आवार आहे.