कळी, चौबगला आणि बारा बंद

आईन-ए-अकबरीत ‘तकौचिया’ नावाच्या बिनअस्तरी अंगवस्त्राची नोंद आहे. कापड लागतं ७ गज ७ गिरह, कडेच्या पट्टीला आणखी ५ गिरह, आणि साध्या शिलाईची मजुरी १ ते ३ रुपये. १६ गिरह म्हणजे एक गज, यावरून हिशेब किती बारीक होता ते कळतं. पूर्वी या वस्त्राच्या घेराला चिरे असत आणि ते डाव्या बाजूला बांधत. अकबराने घेर गोल करवला आणि बंद उजवीकडे नेले, असंही ग्रंथकर्ता अबुल फझल सांगतो. जुने पोशाख शिवायला बसणाऱ्याला एवढ्या चार ओळी सोन्याच्या मोलाच्या वाटतात. कपडा दिसतो कसा यापेक्षा तो बनतो कसा, हे त्यांत आहे.

आपल्याकडे ऐतिहासिक पोशाखाला गिऱ्हाईक भरपूर. शिवजयंतीची मिरवणूक, शाळेचं गॅदरिंग, पेशवाई थाटाचं लग्न, महानाट्य. यातलं बरंचसं भाड्याच्या दुकानातून येतं: चकचकीत सॅटिन, चिकटवलेली जर, मागे चेन. तासाभराच्या कामाला ते पुरतं, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण काही माणसं वेगळा प्रश्न घेऊन मशीनपाशी बसतात. हा कपडा त्या काळच्या शिंप्याने बेतला कसा असेल? छंद तिथून सुरू होतो, आणि जमलं तर त्यातूनच चार ऑर्डरी मिळतात.

पहिला आधार चित्रांचा. जेम्स वेल्सने १७९२च्या सुमारास पुण्यात रंगवलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पगडीची ठेवण, दागिने, वस्त्राच्या चुण्या, सगळं त्यात दिसतं. खांद्याची शिवण कुठे आहे हे मात्र दिसत नाही, आणि कपड्याचं सगळं गुपित तिथेच असतं. शिवाय छापताना चित्र उलटं पडलं, की बंदांची बाजू बदलते. हिंदूंचा जामा डावीकडे बांधायचा, मुसलमानांचा उजवीकडे अशी रूढी होती. चित्रातला माणूस ओळखताना अभ्यासक ही खूण बघतात. ती उलटी शिवली तर बाकीची मेहनत फुकट.

म्हणून प्रत्यक्ष कपडा पाहायला हवा, तोही आतून. ही शिस्त जगाला लावली ती इंग्लंडच्या जॅनेट अर्नोल्ड यांनी (१९३२–१९९८). संग्रहालयांत जपलेले कपडे मोजून, त्यांतली प्रत्येक शिवण, प्रत्येक जोड आलेखाच्या चौकटींवर काढून त्यांनी ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’चे खंड सिद्ध केले. पहिला १९६४ मध्ये आला. त्यांतले कपडे युरोपचे, पण पाहण्याची रीत कुठेही चालते. भारतीय पोशाखासाठी अहमदाबादच्या कॅलिको म्युझियममधल्या वस्त्रांवरचा बी. एन. गोस्वामींचा १९९३चा ग्रंथ हाताशी हवाच.

आता बेतण्याकडे येऊ. आजचा शिंपी मुंढा गोलाईत कापतो, गळा कापतो, आणि टेबलाखाली कातरणाचा ढीग पडतो. जुन्या शिंप्याला ही चैन परवडत नव्हती. हातमागावर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्याने झेलायचा, त्यामुळे पन्हा विणकराच्या पोहोचीएवढाच. सूतही हातानेच कातलेलं. म्हणून अंगरख्यात पाठ सरळ, बाही सरळ, आणि घेर हवा तिथे कळ्या. लांबट आयत तिरका कापला की दोन कळ्या मिळतात. एक उलटी फिरवली की कापड वाया जात नाही. प्रत्येक कळीची एक कड उभ्या धाग्यावर असते, दुसरी उरेब म्हणजे तिरकी, आणि उरेब कड ओढली की लांबते. म्हणून दोन कळ्या जोडताना एकीची उरेब कड दुसरीच्या सरळ कडेला भिडवायची. उरेबला उरेब लावली, तर कपडा टांगून ठेवल्यावर घेर नेमका त्या शिवणीवर ओघळतो.

मला सगळ्यांत आवडतो तो चौबगला. बगलेत बसणारा हा चौकोनी तुकडा तळहाताएवढाच असतो. त्याच्या दोन बाजू बाहीला शिवायच्या, दोन अंगाला. कोपऱ्यावर टीप एक टाका पुढे गेली तर चुणी पडते, एक टाका मागे राहिली तर भोक. इथे मशीनपेक्षा सुईदोरा बरा. चौबगला नीट बसला, की दोन्ही हात वर केले तरी अंगरखा कमरेवरून हलत नाही. भाड्याच्या पोशाखात तलवार उपसताना सगळा कपडा वर का चढतो, याचं उत्तर या तुकड्यात आहे.

असा कपडा धरून पाहायचा असेल, तर सोलापूरला जावं. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, आणि भक्तांच्या अंगात पांढरी बाराबंदी असते. नाटकासाठी नव्हे, श्रद्धेने घातलेली. पुढच्या पदरांपैकी आतला आधी बांधायचा, मग वरचा त्यावर घेऊन बाकीचे बंद आवळायचे. बंद म्हणजे कापडाचीच पट्टी, कडा आत मुडपून शिवलेली. बटणाची जागा ठरलेली असते. बंद मात्र, माणूस जाड झाला तरी चालतो आणि बारीक झाला तरी. कपडा टिकाऊ का होता, याचं हे एक साधं कारण.

कापड निवडताना दुकानदाराच्या शब्दावर राहू नये. दोन धागे काढून जाळून पाहावेत: सूत कागदासारखं जळतं, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टरची कडक गोळी होते. मलमल, खादी, वरून रेशमी आणि अंगाला सुती लागणारा मशरू, हे आजही मिळतात. रंगाचंही तसंच. रसायनशास्त्रज्ञ पर्किनचा पहिला कृत्रिम रंग १८५६चा. त्याआधीच्या पोशाखाला नीळ, मंजिष्ठा, हळद, कुसुंबा यांच्या छटा शोभतात. भडक गुलाबी पाहिला, की मला तरी पेशवाई दिसेनाशी होते.

धंदा म्हणून हे काम अवघड आहे. त्या काळी कापड महाग आणि मजुरी स्वस्त. आज नेमकं उलट. संपूर्ण हातशिलाईचे पैसे द्यायला फार थोडे तयार होतात. मग आतल्या लांब शिवणी मशीनवर घ्याव्यात, दिसणाऱ्या कडा, बंद आणि चौबगला हाताने करावा, आणि हे गिऱ्हाइकाला सांगून करावं. कपड्याबरोबर एक चिठ्ठीही द्यावी: कोणता भाग जपलेल्या कपड्यावरून घेतला, कोणता चित्रावरून, आणि कुठे अंदाज केला. याबाबत मी हट्टी आहे. आज शिवलेला अंगरखा उद्या कुणी पुरावा म्हणून दाखवू नये.

शिवजयंती १९ फेब्रुवारीला, आणि ऑर्डर घेऊन लोक येतात फेब्रुवारी उजाडल्यावर. त्यांना दिवाळीनंतर लगेच यायला सांगावं. आधी मांजरपाटाचा नमुना शिवायचा असतो, तो घालून गिऱ्हाइकाला मांडी घालून बसायला, वाकायला आणि हात वर करायला लावायचं असतं. आणि शिवणींत भरपूर माया सोडूनच खरं कापड कापायचं असतं.