मोकळी इंग्रजी आणि शब्दांचे खेळ

शाळेंत इंग्रजीच्या विषयांत नेहमीं उत्तम गुण मिळविलेली एखादी मराठी मुलगी उच्च शिक्षणासाठीं इंग्लंडला जाते. वसतिगृहांतील पहिल्याच सकाळीं जिन्यावर भेटलेली शेजारीण तिला विचारते, "यू ऑलराइट?" प्रश्न ऐकून ती दचकते. आपला चेहरा उतरलेला दिसतो कीं काय, अशी तिला शंका येते आणि प्रवासांत झालेल्या सर्दीची हकीकत ती व्याकरणशुद्ध वाक्यांत सांगूं लागते. ऐकणारी बिचारी अवघडून जाते. इंग्लंडांत हा प्रश्न बहुधा प्रकृतीच्या चौकशीचा नसतो, आपल्याकडील "काय, कसं काय?" यासारखा तो नुसता रामराम असतो. तोच प्रश्न उलट विचारून पुढें चालूं लागावें, एवढीच त्याची अपेक्षा. दुपारीं तिनें काढलेला एक आराखडा पाहून एक सहाध्यायी "दॅट्स सिक!" असें उद्‌गारतो. 'सिक' म्हणजे आजारी, एवढेंच तिला ठाऊक. त्यानें मनापासून केलेली वाहवा तिला निंदा वाटते. रात्रीं जेवणाच्या टेबलाशीं मंडळी हंसतात तेव्हां इतरांकडे पाहून, क्षणभर मागाहून, तीहि हंसते.

यांत त्या मुलीचा दोष नाहीं आणि तिच्या शिक्षकांचाहि नाहीं. पुस्तकांतून शिकलेली इंग्रजी परीक्षेला, पत्रव्यवहाराला आणि ग्रंथवाचनाला पुरते. पण जिन्यावर, बाजारांत आणि जेवणाच्या टेबलाशीं निराळें नाणें चालतें. तें नाणें ओळखतां न आल्यानें जो एकटेपणा येतो, त्याची नोंद कोणत्याहि गुणपत्रिकेंत होत नाहीं. ही उणीव भरून काढण्याचीं दोन साधनें अगदीं घरबसल्या मिळण्यासारखीं आहेत. एक म्हणजे 'स्लँग' या नांवानें ओळखली जाणारी मोकळी बोली, आणि दुसरें शब्दकोडीं व शब्दांचे खेळ. पहिल्यानें कान तयार होतो, दुसऱ्यानें डोळा. आणि भाषा अंगवळणी पडावयास दोन्ही लागतात.

स्लँग म्हटलें कीं कित्येक सुशिक्षित घरांत नाकें मुरडलीं जातात. हें नाक मुरडणें नवें नाहीं. इंग्रजीचा थोर गद्यलेखक जोनाथन स्विफ्ट यानें 1710 सालीं 'टॅटलर' या पत्रांत नव्या, तुटक व उथळ शब्दांविरुद्ध तक्रार केली होती. त्याला खुपणाऱ्या शब्दांपैकीं एक होता 'मॉब'. लॅटिनमधील 'मोबिले वल्गस', म्हणजे चंचल जमाव, या दोन शब्दांतील पहिल्याचें शेपूट छाटून लोकांनीं हा शब्द केला होता. आज तीनशेंहून अधिक वर्षें उलटलीं. 'मॉब' शब्द न्यायालयाच्या निकालपत्रांतहि वापरला जातो आणि कोणी भुंवई उंचावीत नाहीं. आपण ज्याला 'बस' म्हणतों तो शब्दहि असाच. 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठीं'; त्यांतील शेवटचा तुकडा, खरें पाहतां नुसता विभक्तीचा प्रत्यय, लोकांनीं उचलला आणि त्यावर सगळी वाहतूक चालविली. तात्पर्य, आजची टवाळ बोली ही उद्यांची प्रतिष्ठित भाषा असूं शकते. सगळीच मात्र होत नाहीं. शेंकडों शब्द एका पिढीच्या आंतच विरून जातात.

या बोलीशीं महाराष्ट्राचा संबंध तर फार जवळचा आहे. एखादा माणूस भ्रमिष्टासारखा वागूं लागला म्हणजे इंग्लंडांत आजहि त्याला 'डूलॅली' झाला असें म्हणतात. हा शब्द म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली! एकोणिसाव्या शतकांत तेथें ब्रिटिश सैन्याची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशीं परतण्यापूर्वीं तेथें येऊन बोटीची वाट पाहत. सैनिकांच्या बोटी वर्षांतील ठराविक महिन्यांतच सुटत. त्यामुळें कित्येकांस महिनेच्या महिने रिकामे बसावें लागे. उकाडा, ताप आणि काम नाहीं! कंटाळ्यानें त्यांचें डोकें फिरूं लागे. त्या अवस्थेला शिपायांनीं 'डूलॅली टॅप' असें नांव दिलें, आणि त्यांतील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. याच वाटेनें इतरहि शब्द विलायतेस गेले. आरामाच्या नोकरीला 'कुशी' म्हणतात, त्यांत 'खुश' आहे. 'हॅव अ डेको' म्हणजे एक नजर टाक, त्यांत 'देखो' आहे. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील इंग्रज शिपाई आपल्या देशाला लाडानें 'ब्लायटी' म्हणत. तें 'विलायती' या शब्दाचें रूप. ज्या बोलीला आपण परकी समजतों तिच्यांत आपल्याकडचीं माणसें पूर्वींच जाऊन बसलेलीं आहेत.

आतांच्या तरुणांची स्लँग ऐकली तर प्रथम ती निव्वळ गोंधळ वाटते. परंतु तिचे शब्द घडण्याच्या रीती थोड्या आहेत, आणि त्या ध्यानांत आल्या म्हणजे अनोळखी शब्दाचाहि माग काढतां येतो. पहिली रीत छाटणीची. 'टेलिफोन'चा 'फोन' झाला तसा 'व्हायब्रेशन'चा 'व्हाइब' झाला. जागेचा किंवा माणसाचा जो सूक्ष्म परिणाम मनाला जाणवतो तो व्हाइब. 'कॅरिस्मा' म्हणजे लोकांना ओढून घेणारें व्यक्तिमत्त्वाचें तेज. त्याच्या मधला तुकडा उचलून 'रिझ' झाला, आणि ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं 2023 सालचा शब्द म्हणून त्याची निवड केली. दुसरी रीत जोडकामाची. 'हंग्री' म्हणजे भुकेला आणि 'अँग्री' म्हणजे रागावलेला, हे दोन एकत्र होऊन 'हँग्री' झाला. भुकेनें चिडचिडा झालेला माणूस प्रत्येक घरांत असतोच. त्याला एका शब्दाचें नांव मिळालें इतकेंच. तिसरी रीत आद्याक्षरांची. आपण नाहीं तेथें कांहीं मजा चालली आहे आणि आपण तिला मुकत आहों, या रुखरुखीला 'फिअर ऑफ मिसिंग आउट' म्हणतात. त्याचा 'फोमो' झाला.

चवथी रीत सर्वांत फसवी. तिच्यांत अर्थच उलटा होतो. 'सिक' म्हणजे आजारी आणि 'विकेड' म्हणजे दुष्ट. पण तरुणांच्या तोंडीं दोन्हींचा अर्थ 'फार उत्तम'. यांत नवल वाटावयास नको. पुण्यामुंबईचीं मुलें चांगल्या नाटकाला 'खतरनाक' म्हणतात आणि आवडलेल्या गाण्याला 'भारी' म्हणतात. तेथें धोकाहि नसतो आणि वजनहि नसतें. कौतुकाचे जुने शब्द वापरून गुळगुळीत झाले म्हणजे तरुण मंडळी उलट्या बाजूचा शब्द उचलतात. अशा वेळीं कोशापेक्षां बोलणाऱ्याचा चेहरा आणि आवाजाची चढउतार यांवर भरंवसा ठेवावा. आराखड्याकडे पाहून डोळे विस्फारून कोणी 'सिक' म्हणाला, तर डॉक्टरला बोलावण्याचें कारण नाहीं.

तथापि येथें एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. स्लँग समजणें ही एक गोष्ट आणि वापरणें ही दुसरी. प्रत्येक शब्दाला अर्थ असतो तसें आसनहि असतें. तो कोणीं, कोणाशीं, कोठें बोलावा हें ठरलेलें असतें. मित्राला शोभणारा शब्द मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर उच्चारला तर नोकरी जाऊं शकते. साठीच्या गृहस्थानें नातवाचे शब्द तोंडीं घोळविले तर नातूच प्रथम लाजतो. शिवाय हे शब्द भाजीसारखे आहेत, लौकर शिळे होतात. 'कूल' आणि त्यामागून आलेले कित्येक शब्द अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजाच्या बोलींतून जगभर गेले. ज्यांच्या सुखदुःखांतून एखादी बोली उगवली त्यांची नक्कल करण्याच्या थाटांत ती वापरली तर तें त्यांना बोंचतें. म्हणून नियम साधा आहे: आधीं पुष्कळ ऐकावें, मग समजावें, आणि बोलण्याची घाई सर्वांत शेवटीं करावी. ऐकणें आणि गप्प बसणें यांचें इंग्रजींत तर एक गमतीचें नातें आहे. 'लिसन' आणि 'सायलेंट' हे दोन शब्द एल, आय, एस, टी, ई आणि एन या त्याच सहा अक्षरांचे बनलेले आहेत.

या जोडीपासूनच शब्दकोड्यांच्या प्रांतांत पाऊल पडतें. इंग्रजी वृत्तपत्रांतील गूढ शब्दकोड्यांत एक सूचना अशी असूं शकेल: "कन्फ्यूज्ड, लिसन विदाउट अ वर्ड", सहा अक्षरें. वरवर पाहतां हें गोंधळलेल्या माणसाचें वर्णन आहे. पण कोडें सोडविणारा त्याचे दोन तुकडे करतो. 'विदाउट अ वर्ड' म्हणजे एक शब्दहि न बोलतां. हा झाला उत्तराचा अर्थ. 'कन्फ्यूज्ड' हा शब्द सुचवितो कीं शेजारच्या 'लिसन'चीं अक्षरें विस्कटावींत. उत्तर 'सायलेंट'. एवढ्या खटाटोपांत अभ्यासकाच्या पदरांत आणखी एक गोष्ट पडते: 'लिसन' या शब्दांत 'टी' लिहिला जातो पण उच्चारला जात नाहीं. मग 'कासल', 'व्हिसल', 'फासन' हे शब्दहि आठवतात. त्यांतहि 'एस'च्या मागून येणारा 'टी' मुकाच असतो. पाठ्यपुस्तकानें दहा वेळां सांगितलेला नियम विसरला जातो; कोड्यांत सांपडलेला विसरत नाहीं, कारण तो स्वतः शोधलेला असतो.

आडव्याउभ्या चौकटींचें शब्दकोडें फार जुनें नाहीं. लिव्हरपूल येथें जन्मलेल्या आर्थर विन यानें तें 21 डिसेंबर 1913 रोजीं 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्राच्या रविवारच्या पुरवणींत 'वर्ड-क्रॉस' या नांवानें प्रथम छापलें. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता. लंडनच्या 'टाइम्स'नें 1930 सालीं आपलें दैनंदिन कोडें सुरू केलें. त्याच्याहून जुना आणि कागदपेन्सिलीखेरीज कांहींहि न लागणारा खेळ म्हणजे शब्दांची शिडी. ऑक्सफर्ड येथील गणिताचा अध्यापक व मुलांचा लाडका लेखक लुईस कॅरल यानें 1877 च्या नाताळांत, करमणुकीला कांहीं नाहीं म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठीं तो काढला. नियम असा कीं एका शब्दापासून निघून, प्रत्येक पायरीवर एकच अक्षर बदलून, दुसऱ्या शब्दापर्यंत पोंचावें आणि मधला प्रत्येक शब्द खरा असावा.

समजा, 'कोल्ड' म्हणजे थंड यापासून 'वॉर्म' म्हणजे ऊबदार येथवर जावयाचें आहे. मार्ग असा: कोल्ड, कॉर्ड, वर्ड, वॉर्ड, वॉर्म. रोमन लिपींत प्रत्येक पायरीवर एकच अक्षर बदललें आहे. परंतु नागरींत लिहितांच एक चमत्कार दिसतो. 'कॉर्ड'मधील 'सी' काढून 'डब्ल्यू' घातला, तर 'वॉर्ड' व्हावयास हवें होतें, झालें 'वर्ड'. त्यांतील 'ओ' काढून 'ए' घातला तर 'वार्ड' व्हावें, झालें 'वॉर्ड'. अर्थात् 'डब्ल्यू' हें अक्षर शेजारच्या स्वराला बिघडवितें. 'डब्ल्यू'नंतर 'ओ' आणि 'आर' आले कीं बहुधा 'वर' असा उच्चार होतो: वर्क, वर्म, वर्ल्ड, वर्थ. 'ए' आणि 'आर' आले कीं 'वॉर' होतो: वॉर, वॉर्न, रिवॉर्ड. जसें लिहावें तसें वाचावें या संवयींत वाढलेल्या मराठी माणसाचा इंग्रजी उच्चार जेथें हमखास चुकतो, नेमकी तीच जागा हा चार पायऱ्यांचा खेळ दाखवून देतो.

अक्षरांच्या खेळांनीं भाषेची घडणहि कळते. 'स्क्रॅबल' या खेळाचा जनक आल्फ्रेड बट्स यानें वृत्तपत्राच्या पानांवरील अक्षरें मोजून सोंगट्यांची संख्या ठरविली. इंग्रजी खेळांतील 100 सोंगट्यांपैकीं 12 'ई'च्या आहेत आणि पांच स्वर मिळून 42. 'क्यू' आणि 'झेड' यांची मात्र एकेकच सोंगटी, म्हणून त्यांना 10 गुण. 'एस' इंग्रजींत विपुल असूनहि त्याच्या चारच सोंगट्या ठेवल्या, कारण 'एस' लावून कोणत्याहि नामाचें अनेकवचन सहज होऊन खेळ फारच सोपा झाला असता. अलीकडचा 'वर्डल' हा खेळ जॉश वॉर्डल यानें 2021 सालीं लोकांपुढें ठेवला. पांच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखावयाचा. इंग्रजींत असे शब्द सुमारें 12 हजार भरतात. पण त्यानें आपल्या सहचारिणीला ओळखीचे वाटलेले सुमारें अडीच हजारच निवडले. रोजच्या व्यवहाराची इंग्रजी कोशाच्या मानानें केवढीशी असते, याचा हा उत्तम दाखला होय. नवशिक्यानें सबंध कोशाला भिण्याचें कारण नाहीं.

घरोघरीं हें सर्व करावयास खर्च नाहीं. एक वही घ्यावी आणि तिच्यांत तीन रकाने आंखावेत. पहिल्यांत ऐकलेला नवा शब्द, दुसऱ्यांत तो कोणीं कोणाला व कोणत्या प्रसंगीं उच्चारला, आणि तिसऱ्यांत त्याचाच अर्थ सांगणारें साधें, कोणापुढेंहि बोलतां येईल असें वाक्य. दुसरा रकाना रिकामा असेल तोंवर तो शब्द तोंडावाटे बाहेर काढूं नये. रात्रीं जेवणें झाल्यावर पंधरा मिनिटें एक कोडें किंवा एक शिडी सर्वांनीं मिळून सोडवावी. आजोबांना जुने शब्द व स्पेलिंग ठाऊक असतें, नातवाला नवे शब्द ठाऊक असतात. शब्दकोड्याला दोघेहि लागतात. ज्या घरांत एरवीं जो तो आपापल्या मोबाइलांत डोकें घालून बसतो, तेथें तेवढा वेळ एका कागदाभोंवतीं चार डोकीं जमतात, हा लाभ निराळाच.

आणि अशा घरांतून निघालेली मुलगी जेव्हां त्या वसतिगृहाच्या जिन्यावर पोंचेल, तेव्हां "यू ऑलराइट?" ऐकून ती दचकणार नाहीं, तेंच उलट विचारून हंसत पुढें जाईल. रात्रीं टेबलाशीं कोणी एखाद्याला 'डूलॅली' म्हणाला, तर ती हातांतला चमचा खालीं ठेवून सांगेल कीं, तें गांव नाशिकच्या शेजारीं आहे, आणि तेथील हवा वास्तविक फार चांगली आहे. त्या वेळीं सगळे हंसतील, आणि त्यांच्या हंसण्याची वाट पाहण्याची तिला गरज पडणार नाहीं.