गवताचे राखणदार

पायवाट मरते ती रुंद होऊन. पहिल्या पावसात वाटेच्या मधोमध चिखल होतो. चालणारा बूट वाचवायला कडेच्या गवतावरून जातो, आणि मागचा त्याच्या पावलांवर पाऊल टाकतो. आठवडाभरात एका वाटेच्या दोन होतात, श्रावणापर्यंत तीन. मधलं गवत तुडवून तुडवून जातं, माती उघडी पडते आणि पुढचा जोराचा पाऊस त्या उघड्या मातीत घळ पाडतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवर अशा घळी पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकीची दुरुस्ती मी लागोपाठ तीन रविवार पाहिली.

सहा-सात जण होते. एक पहार, दोन कुदळी, चार घमेली. आता घळीत माती भरतील असं मला वाटलं होतं, पण घळीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. सगळे वर चढून गेले आणि पाणी वाटेला नेमकं कुठं येऊन मिळतं ते शोधत बसले. पावसाचं पाणी वाहून गेलं की मातीवर त्याची बारीक रेघ राहते, काड्या-पानं एका दिशेला लागलेली दिसतात. त्यावरून जागा ठरली. तिथं चर खणून मोठे दगड वाटेला तिरके पुरले, जेमतेम चार बोटं वर ठेवून. वरून धावत आलेलं पाणी या दगडांना अडतं आणि बाजूच्या गवतात उतरतं. उतारावर ठरावीक अंतरानं अशा सात-आठ रांगा झाल्या. मग फुटलेल्या दोन जादा वाटांच्या तोंडाशी बाभळीच्या वाळक्या फांद्या टाकल्या.

“आणि घळ?” मी विचारलं.

“घळ भरायला माती आणायची कुठून? दुसरीकडे खणूनच ना?” पहार घेतलेल्या काकू म्हणाल्या. “माती पाणीच आणून देतं. त्याला थांबायला जागा करून द्यायची.”

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सर्वांत उंच जागा. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. खालचं शहर साधारण ५६० मीटरवर. माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे. लॉ कॉलेज, गोखलेनगर, चतुःशृंगी, पाषाणची पंचवटी, कोथरूडचा सुतारदरा, कुठूनही चढता येतं, आणि त्या त्या बाजूच्या माणसांना ती आपल्याच घरामागची वाटते. १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेमुळे कित्येक जण तिला ‘एआरएआय टेकडी’च म्हणतात. इतिहासकार आणि गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी पायथ्याशी, भांडारकर संस्थेच्या परिसरात राहायचे. रोजच्या फिरण्यात त्यांना या उतारांवर सूक्ष्मास्त्रं सापडली, म्हणजे अश्मयुगातल्या माणसानं घडवलेली नखाएवढी दगडी पाती. ज्या मातीत ती पाती हजारो वर्षं टिकली, ती एका पावसाळ्यात घळीतून वाहून जाऊ शकते, हे तिथं उभं राहिलं की फार जवळून कळतं.

माती आहेच किती? खाली दख्खनचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वर कुठं वीतभर, कुठं चार बोटं माती. कुठं तर नुसता मुरूम. माथ्यावरच्या जुन्या दगडखाणींत हा थर कापलेला स्पष्ट दिसतो. खडकाला भेगा आहेत, मधल्या सच्छिद्र थरांत पोकळ्या आहेत. गवतानं अडवलेलं पाणी त्यांतून सावकाश खाली झिरपतं आणि पायथ्याच्या विहिरी-बोअरला मिळतं. गवत गेलं की तेच पाणी गढूळ होऊन रस्त्यावर येतं.

टेकडी राखणाऱ्यांमध्ये निवृत्त माणसं बरीच, पण तीच आहेत असं नाही. कॉलेजातली मुलं येतात, आयटीतली येतात, वस्तीतल्या बायका येतात. कार्यालय नाही, पावतीपुस्तक नाही. फोनवरचा एक गट आणि रविवारची सकाळ. टेकडीची जमीन एका मालकीची नाही, बराच भाग वन विभागाचा, काही महापालिकेचा, काही संस्थांचा. त्यामुळे कुदळ मारण्याआधी कुणाला विचारायचं, हे माहीत असणारा एक माणूस प्रत्येक गटात लागतो. वन विभागाच्या रक्षकाशी बोलणं, पत्र देणं, परत जाणं, परत बोलणं. हे काम कुणी फोटोत दाखवत नाही, पण मला सर्वांत अवघड तेच वाटलं.

आणि इथं एक वाद आहे, त्यात मी एका बाजूचा आहे हे आधीच सांगतो. टेकडीवर प्रेम करणाऱ्या माणसाला पहिली इच्छा होते ती झाड लावायची. उन्हाळ्यात टेकडी पिवळी, भाजलेली दिसते; तिला हिरवी करावी असं वाटणं अगदी साहजिक आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची मोठी लागवड झाली. मूळ मध्य अमेरिकेचं हे झाड भराभर वाढतं, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी डवरून जातं. लागवड करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण गिरिपुष्पाच्या दाट रानात शिरून खाली पाहावं. गवत जवळजवळ नाही, आणि गवतावर जगणारं जे जे काही, तेही नाही.

या टेकडीचं मूळ रूप गवताळ माळाचं, मधूनमधून विखुरलेल्या झाडांचं. खडकात मुळं घालून उभी राहणारी सालई, मोई, खैर, हिवर, पांढऱ्याफटक सालीचा कांडोळ. मधल्या मोकळ्या जागेत कुसळी, पवन्या, मारवेल. उन्हाळ्यात तिथं काही नाही असं वाटतं, कारण सगळं जमिनीखाली कंदांत निजलेलं असतं. वळवाचे दोन सडाके झाले की काळी मुसळी पिवळं फूल काढते, मग पांढरी मुसळी, दीपकाडी, आषाढात गवतातून आषाढी आमरीची पांढरी फुलं वर येतात. त्याच सुमारास नवरंग पक्षी येतो आणि पहाटे झुडपांतून त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. अशा माळावर कुणी ‘पडीक जागा’ समजून दीड फुटाचे शंभर खड्डे घेतले, तर खड्ड्यांबरोबर कंदही निघतात. एक कंद पुरता वाढायला कित्येक पावसाळे लागतात.

म्हणून इथले जुने कार्यकर्ते आता नव्यांच्या हाती पहिल्या वर्षी रोप देत नाहीत. वर्षभर एकाच पट्ट्यात फिरवतात. कुठं काय उगवतं, कधी उगवतं, हे वहीत लिहायला लावतात. एका तरुणानं मला त्याची वही दाखवली. जूनच्या पानांवर ‘गवत’ एवढंच लिहिलेलं, सप्टेंबरच्या पानांवर अकरा गवतांची नावं.

झाडं लावूच नयेत असं कुणी म्हणत नाही. जिथं खाणीनं, रस्त्यानं, राडारोड्यानं जमीन आधीच मोडली आहे, तिथं ती लागतात. बाणेरच्या तुकाईच्या टेकडीवर वसुंधरा स्वच्छता अभियानाच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं रविवार घालवून उघड्या उतारावर सावली उभी केली आहे, आणि ती जगवण्याचे कष्ट पाहिले की मान आपोआप लवते. रोप लावायला दहा मिनिटं लागतात. त्यानंतर तीन उन्हाळे. मार्च ते मे या काळात चढणारा माणूस एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पाच लिटरचा कॅन घेऊन चढतो, आणि खोडाभोवती पाणी जिरेपर्यंत तिथं थांबतो. वेताळ टेकडीवर या रोपांना आच्छादन म्हणून गिरिपुष्पाचीच पानं घालतात. पानांत नत्र भरपूर, कुजतातही लवकर. परक्या झाडाच्या पानांवर देशी सालई वाढताना पाहून मला फार बरं वाटलं.

दिवाळीनंतर गवत वाळतं, कुसळं पँटीत घुसून पोटऱ्यांना टोचायला लागतात. तिथून पुढं काळजी वणव्याची. कुणी विडी टाकतं, कुणी शेकोटी तशीच सोडून जातं. आग लागली की फोन वाजतो, जवळपासचे असतील ते निघतात. हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवायची, वाऱ्याच्या पाठीला राहून, कडेकडेनं आत सरकत; ज्वाळा समोरून येत असतील तर मागं फिरायचं, ही सक्त ताकीद. त्याआधीच, हिवाळ्यात, वन विभागाच्या बरोबरीनं जाळरेषा काढलेल्या असतात, म्हणजे गवत कापून मोकळे केलेले पट्टे, आग तिथं येऊन थांबावी म्हणून. ज्या वर्षी आग लागत नाही, त्या वर्षी ही मेहनत कुणाच्या लक्षातही येत नाही.

टेकडीवर आणखी एक संकट कागदातून आलं. बालभारती ते पौड फाटा हा रस्ता टेकडीच्या अंगावरून नेण्याची योजना अनेक वर्षं चर्चेत आहे, पुढं तिच्या जोडीला टेकडीखालून बोगद्यांचे प्रस्तावही आले. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी बचाव कृती समितीच्या हाकेला ओ देऊन हजारो पुणेकर मोर्चात चालले. वाहतूक कोंडी खरी आहे. त्या कोंडीत रोज तास घालवणाऱ्याचा त्रास मी हलका मानत नाही. पण त्या मोर्चातल्या बोलण्यात मला एक फरक जाणवला. ‘टेकडी वाचवा’ म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्यात काही जण असे होते, ज्यांना रस्त्याच्या आखणीत नेमकं कुठलं झाड, कुठला ओहळ, मोरांची कुठली जागा येते हे तोंडपाठ होतं. हरकतीच्या अर्जात तीच माहिती उतरली. वही लिहिण्याचा उपयोग मला तिथं कळला.

ऑक्टोबरात मी पुन्हा त्या घळीपाशी गेलो. तिरक्या दगडांच्या रांगा गवतात बुडाल्या होत्या, नीट पाहिल्याशिवाय दिसत नव्हत्या. बाभळीच्या फांद्यांतून पवन्या वर आला होता आणि जादा वाटांपैकी एक मिटली होती. दुसरी अजून चालू होती. कुणीतरी फांद्या उचलून बाजूला फेकल्या होत्या. काकू घमेलं घेऊन बसल्या होत्या. प्रत्येक दगडामागं पावसाळाभर वाहून आलेली माती साचली होती, मऊ, काळी, ओंजळीत घ्यावी अशी. ती काढली नाही तर पुढच्या जूनमध्ये पाणी दगडावरून उडी मारेल. त्यांनी एका दगडामागची माती खुरप्यानं उपसून घमेल्यात भरली, चार पावलं उतरून घळीत ओतली, पायानं दाबली. मग सरकत पुढच्या दगडाशी गेल्या.