दोन जिवांचे जेवण

घरातील सून दोन जिवांची झाली ही वार्ता कळताच आपल्या खेड्यापाड्यांतून आनंदाबरोबर एक उपदेशही ऐकू येतो: "आता दोघांचे जेवायला हवे!" ह्या उपदेशामागील माया खरी, हिशेब मात्र चुकीचा. तिसरा महिना संपतो तेव्हा गर्भाची लांबी जेमतेम ५-६ सेंटिमीटर आणि वजन १५ ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्याशा जीवासाठी मातेने दुप्पट भात जेवण्याचे काहीच कारण नाही. ह्या काळात आहार वाढवायचा नसतो, तो निवडायचा असतो.

निवड महत्त्वाची, ती अशासाठी की ह्याच महिन्यांत बाळाचे अवयव आकार घेतात. ज्या नळीपासून मेंदू व मज्जारज्जू तयार होतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटते. तोवर कित्येक स्त्रियांना आपण गरोदर आहोत ह्याची जाणीवही नसते. म्हणून मूल हवे असे ठरताच फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी व निदान १२ आठवड्यांपर्यंत चुकवू नये. नेहमीची मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम असते. तांबडी भाजी, अळसांदे, चवळी ह्यांतूनही हे द्रव्य मिळते. परंतु भाजी ही गोळीची सोबतीण आहे, तिची जागा घेणारी नव्हे.

आता वजनाविषयी. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो वजन वाढले तरी पुरे. ओकाऱ्यांमुळे ते थोडे उतरले, तरी घाबरण्याचे कारण नाही. संपूर्ण गरोदरपणात मध्यम बांध्याच्या स्त्रीचे वजन साधारण १० ते १२ किलो वाढावे असे आपल्याकडील डॉक्टर सांगतात. मूळची कृश असेल तिने अधिक वाढवावे, स्थूल असेल तिचे कमी वाढावे. मात्र वजन उतरविण्यासाठी गरोदरपणी उपाशी राहणे सर्वथा वर्ज्य होय.

गोमंतकीयांनी ह्या बाबतीत विशेष सावध राहावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यातच सर्वाधिक, शेकडा २६.४, आढळले. गरोदरपणी साखर वाढली तर बाळ अवाजवी मोठे होते, बाळंतपण कठीण जाते आणि पुढे मातेस कायमचा मधुमेह जडण्याचा धोका वाढतो. ह्यास्तव पहिल्याच भेटीत साखर तपासून घ्यावी, व २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. दोदोल, बेबिंक, नेवऱ्या सणापुरत्या चाखाव्यात. गोड पेये तर टाळावीतच.

चांगल्या आहारासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. पेडणे आणि डिचोलीच्या घराघरांत तो आहेच. सकाळी उकड्या तांदळाची पेज घ्यावी, किंवा बेताचा गूळ घातलेले नाचणीचे तिझण. नाचणीत चुन्याचे प्रमाण फार मोठे. दुपारी ताटाचा अर्धा भाग भाजीने भरावा, भात मोजका घ्यावा, व सोबत कुळीथ, डाळ, अंडे किंवा मासळी असावी. तारले व बांगडा हे स्वस्त मासे गर्भाच्या मेंदूस हितकारक आहेत. मोरीसारख्या मोठ्या माशांत पारा साचतो, म्हणून ती टाळावी. तिसऱ्या व कुर्ल्या पूर्ण शिजवूनच खाव्यात. पिकलेली पपई चालते, कच्ची नको. दारू मात्र थेंबभरही नको. शक्तीसाठी म्हणून दिलेली वाईनसुद्धा नको.

अन्न समोर आले की मळमळते अशी तक्रार असेल, तर उठण्यापूर्वी कोरडा पाव किंवा मूठभर कुरमुरे खावे, आणि दिवसभरात थोडे थोडे पाच-सहा वेळा जेवावे. आले किंवा आमसुलाचे सार तोंडास रुची आणते. पाणीही पोटात टिकेनासे झाले, किंवा लघवी कमी व गडद होऊ लागली, तर विलंब न करता इस्पितळ गाठावे.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डिचोलीच्या डोंगरांतील लोखंडाची माती जहाजे भरभरून परदेशी गेली. आणि २०१९-२१ च्या पाहणीनुसार त्याच गोव्यात शंभरांपैकी सुमारे चाळीस गरोदर स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन अपुरे आढळले. ह्याचे एक कारण स्वयंपाकघरातच सापडेल. जी सर्वांना वाढते ती शेवटी जेवते, आणि तोवर हुमणातील तुकडा संपून नुसता रस उरलेला असतो. अशा ताटावर वाढलेले वजन भाताचे असते, रक्ताचे नव्हे. चौथ्या महिन्यापासून आरोग्य केंद्रातून मिळणारी लोहाची गोळी रोज घ्यावी; ती चहाबरोबर न घेता लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी.

प्रायश्चित्तकाळातील उपवासाविषयी काही भाविक भगिनींच्या मनास रुखरुख लागते. गरोदर स्त्रीला उपवासातून मोकळीक असते, हे त्यांनी निःशंक मनाने ध्यानी घ्यावे.

तेव्हा सासवांनो, सुनेचे ताट पहिल्या पंगतीस मांडा, आणि "आणखी भात घे" म्हणण्याऐवजी "ही भाजी घे, हा मासा घे" म्हणा. पतिराजांनो, १२ आठवडे उलटण्यापूर्वी पत्नीस आरोग्य केंद्रात घेऊन जा, तिचे नाव नोंदवा आणि दर भेटीस वजन कार्डावर लिहून घ्या. दोन जिवांना दुप्पट अन्न लागत नाही. दुप्पट काळजी लागते, आणि ती एकट्या मातेने वाहायची नसते.