जीनोम मागवण्याची रीत

करोना विषाणूचा संदर्भ जीनोम २९,९०३ अक्षरांचा आहे. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या एनसीबीआय या सरकारी संस्थेच्या विदागारात तो ठेवलेला आहे आणि कोणालाही फुकट मिळतो. पायथॉन शिकलेला विद्यार्थी तो चार-पाच ओळींत मागवतो. बायोपायथॉन ही लायब्ररी घ्यायची, तिच्या एन्ट्रेझ मॉड्यूलला आपला ईमेल सांगायचा आणि ईफेच या फंक्शनला एनसी_०४५५१२ हा क्रमांक द्यायचा, की झालं.

लांबलचक वेबपत्ता जुळवणं, सर्व्हर अडला तर थोडं थांबून पुन्हा विचारणं, ही कामं लायब्ररी करते. पण मला तिचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. एनसीबीआयचा नियम आहे : एका सेकंदात तीनच विनंत्या, मोफत मिळणारी एपीआय की असेल तर दहा. बायोपायथॉन हा नियम स्वतःहून पाळते. की नसेल तर दोन विनंत्यांमध्ये ०.३७ सेकंदाचं अंतर राखते. जगभरातले संशोधक ज्या सर्व्हरवर विसंबून आहेत, तो एखाद्या नवशिक्याच्या बेफाम लूपमुळे दमू नये, याची काळजी अशी कोडमध्येच लिहून ठेवलेली आहे.

ही काळजी पुरती मात्र नाही. एकाच वेळी दहा प्रोग्रॅम चालवले, तर प्रत्येक जण आपापलं अंतर मोजतो आणि एकूण मर्यादा सहज ओलांडली जाते. मग संस्था आयपी पत्ता बंद करू शकते. सगळ्या कॉलेजचा आयपी एकच असेल, तर एकाच्या घाईपायी सगळ्यांचं काम अडतं. ईमेल मागतात तो यासाठीच : बंद करण्याआधी कळवता यावं म्हणून. तेव्हा नमुन्यातला पत्ता तसाच ठेवू नये, आपला खरा द्यावा.

मोठी कामं शनिवार-रविवारी किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळात करावीत, अशीही विनंती आहे. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात सकाळचे साडेसात ते दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, उन्हाळ्यात तासभर आधी. म्हणजे पुण्या-नागपुरातल्या प्रयोगशाळांना ही सवलत ऐन कामाच्या वेळी मिळते. तरीही हजार जीनोम हवे असतील, तर हजार वेळा विचारू नये. क्रमांक स्वल्पविराम देऊन एकत्र लिहावेत आणि शे-दोनशेच्या गठ्ठ्यांनी मागवावेत.