घरगुती ध्वनिमुद्रण आणि साउंड कार्डाची निवड

मायक्रोफोनमधून येणाऱ्या विजेच्या क्षीण, अखंड लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजून साउंड कार्ड तिचे आकड्यांत रूपांतर करते. सेकंदातील अशा मोजण्यांच्या संख्येला नमुनादर म्हणतात. माणसाच्या श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असल्याने, तिच्या दुपटीहून थोडा अधिक असा ४४,१०० किंवा ४८,००० चा दर घरी पुरतो. १,९२,००० चा दर बहुधा खिशालाच जाणवतो. मोजणीची सूक्ष्मता बिटांवर ठरते. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबल, तर २४ बिटांत तत्त्वतः १४४ डेसिबलचा पल्ला सामावतो. मात्र उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या नागपुरात कूलर चालू ठेवून तंबोरा मुद्रित केल्यास, त्या घरघरीपुढे ही सूक्ष्मता व्यर्थ ठरते, आणि कूलर बंद ठेवल्यास गायकाची परीक्षा होते. म्हणून आकड्यांपेक्षा कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा, म्हणजे फँटम पॉवर, आणि कमी खरखरीचा प्रवर्धक पाहणे श्रेयस्कर असते. गायलेला स्वर हेडफोनमध्ये परतण्यास लागणारा विलंबही महत्त्वाचा असतो, कारण ४८,००० च्या दराने २५६ नमुन्यांचा एक साठा भरण्यास सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात आणि जाता-येता तो दुप्पट होतो. संगणकाला वळसा घालून स्वर थेट ऐकवणारी सोय असलेल्या कार्डात ही अडचण उरत नाही.