बाळाचे पोट आणि चांगले जंतू

जंतू म्हटले की आपल्याला रोगराई आठवते. पण सगळेच जंतू वाईट नसतात. दुधात विरजण घातले की रात्रीतून दही लागते. हे काम कोण करते? डोळ्यांना न दिसणारे जंतूच करतात. असेच चांगले जंतू तान्ह्या बाळाच्या पोटातही राहतात.

हल्ली औषधाच्या दुकानात अशा जंतूंचे थेंब बाटलीत मिळतात. त्यांना प्रोबायोटिक म्हणतात. डहाणू-तलासरीकडचे आईबाप आम्हाला विचारतात, "गुरुजी, बाळाचं पोट बिघडतं. ही बाटली आणू का?" मजुरीचे पैसे मोजायचे, तर आधी नीट समजून घेऊ या.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे पोट चिखलणी केलेल्या शेतासारखे असते. भात दाट लागला, तर तणाला जागा कमी उरते. तसेच चांगले जंतू आधी वसले, तर रोगाच्या जंतूंना पाय रोवणे कठीण जाते.

या पिकाला खत कोण घालते? आई घालते. 1899 साली पॅरिसमध्ये तिसिए नावाच्या शास्त्रज्ञाला अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत हे जंतू सापडले. पुढे कळले, की आईच्या दुधात एक प्रकारची साखर असते. ती बाळाला पचत नाही. ती या जंतूंचे अन्न आहे!

मग थेंबांचा उपयोग होतो का? ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर हे पडताळून पाहिले. ही बाळे अंगावर पिणारी व बऱ्या वजनाची होती. निम्म्या बाळांना सात दिवस एका ठरावीक जातीचे जंतू व त्यांचे खाद्य दिले. बाकीच्यांना नुसती भुकटी दिली. 2017 साली निकाल छापून आला. नुसत्या भुकटीच्या गटात शंभरातील नऊ बाळांच्या रक्तात रोग भिनला किंवा ती दगावली. जंतू दिलेल्यांत हे प्रमाण शंभरात पाच-साडेपाच होते.

म्हणजे फायदा खरा. पण भाताच्या जशा जाती, तशा जंतूंच्याही जाती. एकीचा गुण दुसरीत असेलच असे नाही. धोकाही आहे. 2023 साली अमेरिकेत दिवस न भरलेल्या एका बाळाला असे जंतू दिले. ते रक्तात शिरले आणि बाळ दगावले.

म्हणून आमचे सांगणे असे :

जन्मल्यावर तासाभरात बाळाला पाजा. पहिला पिवळा चीक टाकू नका.

सहा महिने फक्त आईचे दूध द्या. पाणी, मध, घुटी काही नको.

अंगावरचे बाळ पिवळी, पातळ शी दिवसातून बरेचदा करते. ते नीट पीत असेल, वजन वाढत असेल, तर घाबरू नका.

शी एकदम पाण्यासारखी झाली, तर दूध थांबवू नका. आशाताईकडून ओआरएसची पुडी घ्या. जस्ताची गोळी विचारून द्या.

बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल, पीत नसेल, मलूल असेल, डोळे खोल गेले असतील किंवा शीत रक्त दिसेल, तर घरी थांबू नका. 108 ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

थेंब डॉक्टरांनी सांगितले तरच द्या. बाटलीसाठी दुकानात थांबून दवाखान्याची वेळ दवडू नका.